पदवी कुणाची, हे आधी विचारा: हॉटेल मॅनेजमेंट आणि टुरिझमला जाणाऱ्यांसाठी

बारावीचा निकाल लागला की नात्यातली, बिल्डिंगमधली, ओळखीच्यांची मुलं फोन करायला लागतात. “ताई, हॉटेल मॅनेजमेंट घेऊ की ट्रॅव्हल-टुरिझम?” “ताई, प्लेसमेंट मिळते ना?” मी हॉटेलात हाउसकीपिंग केलंय आणि आता अंधेरीत एका ट्रॅव्हल कंपनीत तिकिटं आणि व्हिसाचं काम बघते, म्हणून मला विचारतात. या प्रश्नांची उत्तरं देता येतात. पण जो प्रश्न सगळ्यात आधी विचारायला हवा तो कुणी विचारत नाही. २०१४ मध्ये मीही विचारला नव्हता, आणि माझी त्यात सात वर्षं गेली.

वाटा तुम्हाला ठाऊक असतीलच, म्हणून भरभर सांगते. दादरला वीर सावरकर मार्गावर १९५४ सालची आयएचएम, म्हणजे इन्स्टिट्यूट ऑफ हॉटेल मॅनेजमेंट, आहे. जुनी माणसं तिला अजून केटरिंग कॉलेजच म्हणतात. तिथे जायला एनटीए या केंद्राच्या परीक्षा संस्थेची एनसीएचएम जेईई ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. बीएचएमसीटी ही हॉटेल मॅनेजमेंट आणि केटरिंगची पदवी चार वर्षांची, तिला राज्याच्या सीईटी कक्षाची परीक्षा. मुंबई विद्यापीठाशी संलग्न कॉलेजांत बीएस्सी हॉस्पिटॅलिटी स्टडीज आहे. टुरिझमसाठी केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाची आयआयटीटीएम ही संस्था आहे, मुख्य केंद्र ग्वाल्हेरला, आपल्याला जवळचं गोव्याचं. यांपैकी कुठेही जात असाल तर पुढचं थोडं निवांत वाचा. पण परीक्षेत रँक आली नाही आणि कुणीतरी माहितीपत्रक हातात ठेवलं असेल, तर एकेक ओळ वाचा.

माझी रँक आली नव्हती. उपनगरात स्टेशनजवळच्या एका व्यापारी इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एक इन्स्टिट्यूट होती. नकली फ्रंट ऑफिस, चकचकीत किचन, टाय लावलेले काउन्सेलर. ‘तीन वर्षांत डिप्लोमा आणि सोबत यूजीसी मान्यताप्राप्त पदवी’ असं माहितीपत्रकात ठळक छापलेलं. तीन वर्षांचे ३ लाख ८० हजार. बाबांनी पतपेढीतून कर्ज काढलं.

मी अगदीच डोळे मिटून गेले नव्हते. पदवी देणारं विद्यापीठ दुसऱ्या राज्यातलं होतं, म्हणून घरी येऊन यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, संकेतस्थळावर त्याचं नाव शोधलं. सापडलं. यादीत होतं! त्या रात्री मी शांत झोपले, आणि सापळा नेमका तिथेच होता. विद्यापीठ खरं होतं. मी जिथे शिकणार होते त्या जागेचा आणि त्या विद्यापीठाचा संबंध खरा नव्हता.

हे नीट समजून घ्या. एखाद्या राज्याच्या कायद्याने स्थापन झालेलं खासगी विद्यापीठ दुसऱ्यांची कॉलेजं स्वतःला संलग्न करून घेऊ शकत नाही. यूजीसीचे २००३ चे नियमच तसे आहेत. आपल्या राज्याबाहेर त्याला मनाला येईल तसं केंद्र उघडता येत नाही. दूरस्थ शिक्षणाच्या नावाखाली फ्रँचायझी वाटायलाही मनाई आहे, आणि माझ्या प्रवेशाच्या आदल्याच वर्षी, २०१३ मध्ये, यूजीसीने याबद्दल जाहीर सूचना काढली होती. छत्तीसगडमध्ये एका कायद्याच्या आधारे शंभरावर खासगी विद्यापीठं निघाली होती, ती सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये रद्द केली. म्हणजे सगळं उघड होतं. पण अठरा वर्षांच्या मुलीला ‘विद्यापीठाला मान्यता आहे का’ एवढाच प्रश्न माहीत असतो. ‘या विद्यापीठाला, हा अभ्यासक्रम, या पद्धतीने, या जागेवरून चालवायची परवानगी आहे का’ असे त्याचे चार तुकडे करून विचारायचे असतात, हे मला कुणी सांगितलं नाही.

आणखी एक गोष्ट, ही तर पाठच करा. आज यूजीसीच्या नियमांत दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने पदवी देता येत नाही अशा विषयांची यादी आहे. हॉटेल मॅनेजमेंट, केटरिंग टेक्नॉलॉजी, पाककला, विमान वाहतूक हे विषय त्या यादीत आहेत. तेव्हा ‘हॉटेल मॅनेजमेंटची पदवी, घरबसल्या’ असं कुणी म्हणालं की उठून या. चहा घेतला असेल तरी उठून या. टुरिझमचं तसं नाही, ते दूरस्थ पद्धतीने रीतसर शिकता येतं. त्याच्याकडे मी पुढे येते.

खुणा तेव्हाही दिसत होत्या. फीची पावती इन्स्टिट्यूटच्या नावाची, विद्यापीठाची एकही नाही. विद्यापीठाचा एनरोलमेंट नंबर दुसरं वर्ष निम्मं संपल्यावर मिळाला. परीक्षा त्याच दुसऱ्या मजल्यावर, पर्यवेक्षक आमचेच सर. आणि बारावीची मूळ गुणपत्रिका व दाखला ‘जमा’ करून घेतलेला, म्हणजे सोडून जायची सोय नाही. मूळ कागद अडकवून ठेवू नयेत असं यूजीसीने २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलंय, तेव्हा छायाप्रती द्या, मूळ कागद दाखवा आणि लगेच परत घ्या.

कळलं कधी? २०१८ मध्ये. एका सरकारी महामंडळाच्या भरतीत लेखी परीक्षा पास झाले, यादीत नाव आलं, घरात पेढे आले. कागदपत्र पडताळणीला टेबलामागच्या बाईंनी गुणपत्रिका उलटसुलट पाहिली आणि हळू आवाजात म्हणाल्या, “मॅडम, विद्यापीठ खरं आहे. पण तुम्ही तिथे शिकला नाहीत ना.” मी त्यांना फीच्या पावत्या दाखवत राहिले. त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे केला. भांडुपला उतरल्यावर तासभर प्लॅटफॉर्मवरच बसले होते, कारण घरी बाबांना काय सांगायचं ते सुचत नव्हतं. कर्जाचे हप्ते अजून चालू होते.

अशा ठिकाणी शिकून बसलेलं कुणी हे वाचत असेल तर घाबरू नका. हॉटेलं आणि ट्रॅव्हल कंपन्या काम बघून घेतात; माझी नोकरी त्या कागदाने गेली नाही. अडतं ते सरकारी भरतीत, एमबीएच्या किंवा एमएच्या प्रवेशात, परदेशी शिकायला जाताना. त्यावरही उपाय आहे. मी इग्नूची, म्हणजे इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाची, पर्यटन अभ्यासाची पदवी दूरस्थ पद्धतीने केली. केंद्रीय विद्यापीठ, बारावीवर प्रवेश, जून आणि डिसेंबरमध्ये परीक्षा, आणि फी एवढी कमी की आईला वाटलं हेही खोटंच असणार. शिफ्ट सांभाळून रात्री असाइनमेंट लिहिल्या, तेही हाताने. २०२१ मध्ये पदवी हातात आली. आधीच हे केलं असतं तर पैसे वाचले असते, हा विचार अजून मधूनच येतो.

आता कामाबद्दल. हॉटेल घ्यायचं की टुरिझम, याचं माझं उत्तर सरळ आहे: पाय किती तास उभे राहतात ते बघा. इंडस्ट्रियल ट्रेनिंगमध्ये फ्रंट ऑफिस, हाउसकीपिंग, एफ अँड बी सर्व्हिस (खाणं-पेयं वाढायचं खातं) आणि किचन अशा चारही खात्यांतून फिरावं लागतं. सगळ्यांना फ्रंट ऑफिस हवं असतं. मला हाउसकीपिंग मिळालं तेव्हा मी रडले होते, आणि तिथेच सगळ्यात जास्त शिकले. खोलीतून पाहुणा गेल्यावर मागे काय उरलंय, यावरून माणूस ओळखायला शिकते मी अजून. ब्रेक शिफ्टची मात्र तयारी ठेवा: सकाळी चार तास, मधे रिकामे, पुन्हा रात्री चार तास. कर्जत-कसाऱ्याकडून येणाऱ्यांना मधल्या वेळात घरी जाता येत नाही. रात्रीच्या शिफ्टनंतर मुलींना घरी सोडायला गाडी आहे का, हे ट्रेनिंगला जायच्या आधी विचारा. यात लाजायचं काही नाही.

टुरिझममध्ये शरीर कमी झिजतं, डोकं जास्त. अमेडियस किंवा गॅलिलिओ या तिकीट बुकिंगच्या संगणक प्रणालींवर काम करायला दोन-तीन महिन्यांत येतं. त्यासाठी वर्षाचा महागडा कोर्स लावू नका, हे माझं ठाम मत आहे. खरं काम बारकाव्यात असतं. आपल्याकडे पासपोर्टवर पहिल्या नावाच्या रकान्यात वडिलांचं नावही असतं, तिकीट तसंच काढावं लागतं. पासपोर्टवर आडनाव नसून एकच नाव असेल तर संयुक्त अरब अमिरातीत अडवू शकतात, हा नियम नोव्हेंबर २०२२ पासूनचा. परदेशी पाहुण्यांचा मुंबईचा एकच दिवस सोमवारी येत असेल तर घारापुरी लिहू नका, लेणी बंद असतात. माझ्या पहिल्याच कार्यक्रमपत्रिकेत मी ते लिहिलं होतं. कंपनीतल्या सावंत काकांनी कागद परत दिला, ओरडले नाहीत, फक्त वाराखाली पेन्सिलीने रेघ मारली. मार्गदर्शक हवाच असेल तर असा शोधा. स्टेजवरून ‘पॅशन’वर बोलून जाणाऱ्या माजी विद्यार्थ्यांकडून मला आजवर कामाचं काही मिळालेलं नाही. तुमच्या कागदावर रेघ मारणारं माणूस मिळालं तर त्याच्या शेजारचं टेबल सोडू नका.

परदेशी इंटर्नशिपवाल्या एजंटांबद्दल एवढंच: परदेशात नोकरीला पाठवणारा एजंट केंद्राकडे नोंदलेला असावा लागतो, आणि त्याने घ्यायची फी कायद्याने ३० हजार रुपये अधिक जीएसटी एवढीच आहे. लाखांत आकडा ऐकलात तर केंद्राच्या ई-मायग्रेट पोर्टलवर त्याचं नाव तपासल्याशिवाय रुपयाही देऊ नका. ‘ही इंटर्नशिप आहे, नोकरी नाही, म्हणून नियम लागत नाही’ असं तो म्हणेल. मग लेखी द्या म्हणा.

गेल्या आठवड्यात चिपळूणहून मावशीचा फोन आला. तिच्या मुलीने ठाण्याच्या एका इन्स्टिट्यूटचं माहितीपत्रक आणलंय, ‘डिग्री प्लस डिप्लोमा’, सोमवारपर्यंत पाच हजार भरून जागा पक्की करायची. शनिवारी मी तिच्याबरोबर जाणार आहे. विद्यापीठाचं संलग्नतेचं पत्र बघायला मागणार, त्यावर याच पत्त्याचा उल्लेख आहे का ते वाचणार, आणि तिथे बसूनच विद्यापीठाच्या कुलसचिव कार्यालयाला फोन लावणार. मावशीला सांगून ठेवलंय, तोवर पैसे पर्समध्येच राहू देत.