नवी डिस्क बसवली, तरी मशीन उठत नाही तेव्हा

हार्डवेअरच्या लाइनमध्ये नव्याने आलेली पोरं डिस्क बदलायला दोन दिवसांत शिकतात. चार स्क्रू, दोन केबल, झालं. खरं काम त्यानंतर सुरू होतं, आणि तेही कस्टमर शेजारी खुर्ची टाकून बसलेला असताना.

आधी जुनी डिस्क खरंच गेली आहे का, ते बघा. डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते त्या स्मार्ट रिपोर्टमध्ये 05, सी5 आणि सी6 या ओळी वाचायच्या. 05 म्हणजे बाद करून राखीव जागेत हलवलेले सेक्टर (डिस्कवरचे डेटा ठेवायचे छोटे कप्पे), सी5 म्हणजे वाचता न आलेले आणि अजून निकाल न लागलेले, सी6 म्हणजे दुरुस्तच न होणारे. हे आकडे वाढत असतील तर डिस्क चालली. फक्त सी7, म्हणजे डेटा ने-आण करताना झालेल्या चुका, वाढत असेल तर मात्र संशय साटा केबलवर, म्हणजे डिस्क बोर्डाला जोडणाऱ्या डेटाच्या केबलवर घ्या. नवी केबल टाकून काम भागत असेल तर कस्टमरला नवी डिस्क विकायची घाई कशाला?

टकटक आवाज करणाऱ्या डिस्कवर चेकडिस्क हे विंडोजचं डिस्क तपासायचं टूल चालवू नका. दुरुस्तीच्या नावाखाली ते डिस्कला आणखी राबवतं. आधी डेटा. लिनक्सवरचं डीडीरेस्क्यू हे डेटा उचलायचं टूल चांगलं वाचता येणारा भाग आधी उचलतं आणि खराब जागांकडे नंतर वळतं, म्हणून मरणाऱ्या डिस्कसाठी तेच बरं.

आता नवी डिस्क. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये, दिसतच नसेल तर केबल, पॉवरची पिन, दुसरा पोर्ट, या क्रमाने जा. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर दोष कशाने गेला ते कळत नाही. एम.टू स्लॉटमध्ये (बोर्डावरच थेट पट्टीसारखी एसएसडी बसवायची जागा) काही बसवलं की बऱ्याच मदरबोर्डवर एखाददुसरा साटा पोर्ट बंद होतो. हे मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं, पण ते उघडतो कोण!

सगळ्यात चकवणारा दोष मी एका निवृत्त गुरुजींच्या घरी पाहिला. जुन्या डेस्कटॉपला एसएसडी टाकली, विंडोज 10 घातलं, मशीन भन्नाट पळालं. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन: निळी स्क्रीन, ‘इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’. साहजिकच नव्या डिस्कला शिव्या. जाऊन बघतो तर बायोसमधली तारीख कित्येक वर्षं मागे. गुरुजी रोज रात्री भिंतीवरचा स्विच बंद करून झोपायचे आणि बायोसच्या सेटिंग आणि घड्याळ जपणारा बोर्डावरचा सीआर2032 हा बटणासारखा सेल संपलेला होता. वीज तुटली की बायोसच्या सेटिंग मूळपदावर, म्हणजे डिस्कशी बोलायचा नवा एएचसीआय मोड जाऊन जुना आयडीई मोड. विंडोज एएचसीआयवर घातलेलं, त्यामुळे त्याला स्वतःचीच डिस्क सापडेना. नवा सेल टाकला, मोड आणि तारीख लावून दिली, काम फत्ते. जुन्या मशीनची डिस्क बदलताना सेलही बदलूनच टाका. मल्टीमीटर असेल तर मोजा. नवा सेल 3 व्होल्टच्या आसपास दाखवतो.

दुसरा सापळा: जुनी डिस्क जोडलेली ठेवून नवीवर विंडोज घालणं. जुन्या डिस्कवर ईएफआय पार्टिशन (बूटच्या फाइली ठेवायचा छोटा भाग) असेल तर सेटअप बूटच्या फाइली बहुधा तिथेच टाकतो. सगळं छान चालतं, आणि जुनी काढली की मशीन म्हणतं बूट करायला काही नाही. म्हणून विंडोज घालताना फक्त नवी डिस्क जोडा. फसलातच, तर नव्या डिस्कवर छोटं फॅट32 ईएफआय पार्टिशन करून बीसीडीबूट ही बूटच्या फाइली टाकणारी विंडोजची कमांड चालवायची. फॉरमॅट मारायची गरज नाही. क्लोन केलेली, म्हणजे जुनीची हुबेहूब नक्कल असलेली डिस्क उठत नसेल तर जुनं विंडोज एमबीआरवर होतं की जीपीटीवर (डिस्कचे भाग नोंदवायच्या जुन्या आणि नव्या पद्धती) ते बघा. एमबीआरवर असेल तर बायोसमध्ये लेगसी म्हणजे सीएसएम, म्हणजेच जुन्या पद्धतीने बूट करायची सोय, चालू हवी.

जुनी डिस्क पुन्हा जोडल्यावर विंडोजने ‘इनिशियलाइज करू का’ विचारलं तर कॅन्सल दाबायचं. कोऱ्या डिस्कला हो म्हणायला हरकत नाही, डेटा असलेल्या डिस्कला कधीच नाही.

1 टीबीची डिस्क 931 जीबी दाखवते यावरून वाद होतो. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज 1024 च्या, फसवणूक नाही. विंडोजचं डिजिटल लायसन्स मुख्यतः मदरबोर्डशी बांधलेलं असतं. आधी ॲक्टिव्ह असलेलं मशीन त्याच आवृत्तीचं विंडोज घालून नेटला जोडलं की बहुतेक वेळा आपोआप ॲक्टिव्ह होतं. नवी की कस्टमरच्या गळ्यात मारू नका.

आणि आपल्याकडचा हमखास फोन: ‘माझ्या मराठी फाइली खराब झाल्या, सगळी इंग्रजी अक्षरं येतायत.’ फाइल शाबूत असते. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर तो फॉन्ट नसेल तर असाच दिसतो. जुन्या डिस्कवरच्या विंडोजमधलं फॉन्ट्स फोल्डर डेटासोबतच उचलून ठेवा, आणि टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर असेल तर त्याचा डेटा फोल्डर कुठे आहे ते कस्टमरला विचारून घ्या, कारण तो डॉक्युमेंट्समध्ये असेलच असं नाही.