इमोबिलायझर असलेल्या गाडीचा ईसीयू बदलताना

2019च्या ऑगस्टमध्ये कृष्णा आणि वेदगंगेला पूर आला, तेव्हा आमच्या निपाणी-चिकोडी भागात पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्यांचे ईसीयू (इंजिनचे काम नियंत्रित करणारा छोटा संगणक) बदलण्याची कामे बरीच निघाली आणि त्यांतली काही कामे नाहक वाढली. कारण जुन्या बाजारातून आणलेले युनिट बसवले तरी गाडी चालू होत नव्हती. दोष त्या युनिटचा नव्हता. इमोबिलायझर, म्हणजे ओळखीच्या चावीशिवाय इंजिन चालू न देणारी चोरीरोधक यंत्रणा, असलेल्या गाडीत ईसीयू हा सुटा भाग नसतो. चावीतली चिप, इमोबिलायझरचे युनिट आणि ईसीयू यांची एकमेकांशी ओळख पटली, तरच इंजिन चालते. काही गाड्यांत सेल्फ फिरतो, इंजिन एक-दोन सेकंद धडधडते आणि बंद पडते. काहींत सेल्फही फिरत नाही.

म्हणून ईसीयूला दोष देण्यापूर्वी चावी तपासावी. चावीतल्या चिपला सेल लागत नाही. इग्निशनभोवतीच्या अँटेनाच्या गुंडाळीतून तिला ऊर्जा मिळते. त्यामुळे रिमोटने दारे उघडतात म्हणून चिप ठीक आहे, असे समजणे चुकीचे आहे. खानापूरच्या एका गृहस्थांची गाडी चावीचे कव्हर बदलल्यापासून बंद होती आणि ते ईसीयू घ्यायलाच निघाले होते. तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी ती चिप जुन्या कव्हरातच राहून गेली होती. चावी ठीक असेल, तर मुख्य रिले (ईसीयूला वीज पोहोचवणारा स्विच), फ्यूज आणि ईसीयूचे अर्थिंग पाहावे, आणि कपलर (वायरींचा जोड) काढून पिनांवर हिरवट थर चढला आहे का, ते उजेडात न्याहाळावे.

ईसीयू खरोखरच गेला असेल, तर त्यावरच्या लेबलवरील पार्ट नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवावा. आकार आणि कपलर सारखे असले, तरी आतले सॉफ्टवेअर वेगळे असू शकते. कोल्हापूर किंवा बेळगावच्या जुन्या बाजारातून माल घेताना पावती आणि मूळ गाडीच्या आरसीची प्रत मागून घ्यावी. विक्रेता टाळाटाळ करू लागला, तर तो माल घेऊ नये.

पुढे तीन मार्ग आहेत. एकाच गाडीतून निघालेला ईसीयू, इमोबिलायझर युनिट आणि चिपसह चावी असा संच बसवता येतो. दुसरा मार्ग म्हणजे जुन्या ईसीयूची मेमरी वाचता येत असेल, तर जाणकाराकडून तिच्यातला डेटा दुसऱ्या युनिटमध्ये उतरवून घेणे. मला हाच सर्वांत कमी कटकटीचा वाटतो. तिसरा मार्ग म्हणजे आरसी आणि ओळखपत्र दाखवून कंपनीच्या अधिकृत केंद्रात नवा ईसीयू जुळवून घेणे. यात खर्च जास्त येतो, पण काम खात्रीचे होते. इमोबिलायझर कायमचा बंद करून देणारेही भेटतात. गाडी चोरीपासून उघडी पडते, म्हणून तो सल्ला मी कुणाला देत नाही.

प्रत्यक्ष अदलाबदल सोपी आहे. चावी काढून काही मिनिटे थांबावे, बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडवावी, अंगातली स्थिर वीज जाण्यासाठी धातूला हात लावावा आणि मगच कपलरचा लॉक उघडावा. प्रोग्रॅमिंग करताना बॅटरीला स्थिर पुरवठा जोडून ठेवावा, कारण मध्येच व्होल्टेज पडले तर चांगले युनिटही निकामी होऊ शकते. कॉमन रेल डिझेल गाडीत प्रत्येक इंजेक्टरवरचा (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या भागावरचा) कोड आधीच टिपून ठेवावा आणि नव्या ईसीयूत सिलिंडरच्या क्रमाने भरावा. ते राहिले, तर इंजिन चालू होऊनही खडखडत राहते.

घरातल्या सगळ्या चाव्या त्याच दिवशी सोबत न्याव्यात. बऱ्याच गाड्यांत जुळणी करताना आधीच्या चाव्यांची नोंद पुसली जाते, आणि कपाटात राहिलेल्या दुसऱ्या चावीने मग फक्त दार उघडते.