मिक्सर बिचारा काय करणार? स्वयंपाकघरातली यंत्रं जाळणाऱ्या या चुका टाळा

गौरी जेवायच्या दिवशी सकाळी साडेसातला मी माझ्या दुरुस्तीच्या दुकानाचं शटर वर ढकलत होतो. ते अर्धं वर जातंय न जातंय तोच खालून एक कापडी पिशवी आत आली. पिशवीत मिक्सर. पिशवी उघडायच्या आधीच आजार कळला. मोटरच्या तांब्याच्या तारेवर वार्निशचा पातळ थर असतो. तो जळाला की जो वास येतो, तो बावीस वर्षांत माझ्या नाकात घर करून बसलाय.

"दादा, पुरण वाटत होते. मधेच बंद पडला," काकू म्हणाल्या.

"मग?"

"मग खालचं लाल बटण दाबलं. चालू झाला, परत बंद. असं चार-पाच वेळा केलं."

"आणि मग?"

काकू जरा घुटमळल्या. "मग जावईबापूंनी थोडा उघडून बघितला."

मी बूड उघडलं. ओव्हरलोड स्विचला गेलेल्या दोन्ही वायरी सोडवून एकमेकींना पिळल्या होत्या आणि वर नीट टेप गुंडाळली होती. काम सफाईदार होतं, ते कबूल करायला हवं. त्यानंतर मिक्सर सहा-सात मिनिटं झकास चालला म्हणे, आणि मग त्यातून धूर आला.

झालं होतं असं, की डाळ आणि गूळ आदल्या रात्री शिजवून ठेवले होते. आरास करता करता उशीर झाला आणि पुरण वाटायचं राहिलं. रात्रभरात ते घट्ट बसलं. सकाळी तोच गोळा चमच्याने कोरून जारमध्ये काठोकाठ भरला. ब्लेडभोवतीचं पुरण फिरलं, वरचं जागचं हललं नाही, आणि मोटर कण्हत राहिली. भार झेपेनासा झाला की मोटर जास्त करंट ओढते. त्या करंटने ओव्हरलोड स्विचमधली पट्टी तापते, वाकते आणि वीज तोडते. लाल बटण दाबलं की पट्टी परत जोडली जाते, पण मोटर तापलेलीच असते. म्हणून बटण दाबायच्या आधी जार अर्धा रिकामा करायचा आणि दहा-पंधरा मिनिटं मिक्सरकडे पाठ फिरवून दुसरं काहीतरी करायचं. मी तर त्या वेळात चहा टाकतो. पण दहा मिनिटं थांबायला सांगितलं की लोक अशा नजरेने बघतात, जणू मी त्यांच्याकडे किडनी मागितली.

आर्मेचर, म्हणजे मोटरचा फिरणारा भाग, गेलं होतं, आणि त्याभोवतीची फील्ड कॉइलही. दोन दिवसांच्या आत होणारं काम नव्हतं. काकूंचं तोंड एवढंसं झालं, तेव्हा घरून आईचं पितळी पुरणयंत्र आणून दिलं. सोबत एकच सूचना: पुरण दुधाचा हबका मारून आधी गरम करा आणि वाफ निघतेय तोवरच फिरवा. गार पुरणापुढे पुरणयंत्रसुद्धा हात टेकतं, मिक्सरचं काय घेऊन बसलात! संध्याकाळी यंत्र परत आलं, घासूनपुसून, सोबत चार पोळ्या. हँडल जावईबापूंनी फिरवलं होतं.

मिक्सरवर लिहिलेलं वाचा

मिक्सरच्या बुडाशी एक पट्टी चिकटवलेली असते. तिच्यावर व्होल्ट, वॅट आणि बऱ्याचदा '३० मिनिटे' असं रेटिंग असतं. गिऱ्हाइकं ते वाचून मला सांगतात, "सलग अर्धा तास चालतो, लिहिलंय की!" तसं नसतं हो. साधारण ५ मिनिटं चालू, २ मिनिटं बंद, अशा ६ फेऱ्या, असा त्याचा हिशोब असतो. घरी मी ५ मिनिटंही चालवत नाही. एक मिनिट फिरवायचं, झाकण काढून बाजूचं खाली ढकलायचं, परत एक मिनिट. चटणीला तर नॉब उजवीकडे नेतच नाही, डावीकडच्या पल्सवरच (धरला तेवढाच वेळ फिरतो) ती होते आणि खोबऱ्याचं तेलही सुटत नाही.

आपल्या वाटणापुढे परदेशी यंत्रं पूर्वीही टेकीला आली आहेत. सत्यप्रकाश माथुर या इंजिनिअरांच्या घरचा जर्मन मिक्सर असाच जळाला, आणि त्यातूनच मुंबईत १९६३ साली सुमीत मिक्सर उभा राहिला. ओलं खोबरं, भिजलेली डाळ, सुक्या मिरच्या हे सगळं खाणारी दणकट मोटर त्यात होती. पण दणकट म्हणजे अमर नव्हे. अख्खी हळकुंडं थेट जारमध्ये टाकणाऱ्यांसाठी माझ्या फळीवर वाकलेल्या पात्यांची एक बरणीच आहे. हळकुंडं आधी खलबत्त्यात फोडा, मग मिक्सर.

कपलरवरून तर रोज वाद. जार जिथे बसतो तिथे मोटरच्या दांड्यावर एक छोटं प्लॅस्टिकचं किंवा रबराचं चाक असतं, ते कपलर. जार जाम झाला की आधी कपलरचे दात उडतात. "हे सारखं तुटतं, लोखंडी बसवा ना!" असं आठवड्यातून एक जण तरी म्हणतो. दादा, ते मऊ आहे म्हणून तर तुटतं. थोडक्या पैशांत ते जातं आणि मोटर वाचते. लोखंडी बसवलं तर पुढच्या वेळी काय तुटेल ते सांगा.

आणि जार जाम का होतो? रात्री पाणी भरून ओट्यावर ठेवल्यामुळे. पात्याचा दांडा ज्या छोट्या नळीत फिरतो त्या बुशमध्ये पाणी उतरतं, आतलं वंगण धुऊन जातं, गंज चढतो. जारखाली काळपट ओघळ दिसला की समजा बुश गेला. वाटण झालं की लगेच जारमध्ये भांडंभर पाणी आणि साबणाचा थेंब, दोनदा पल्स, ओता, उपडा ठेवा. वीस सेकंदांचं काम.

गरम पदार्थ मिक्सरमध्ये घालू नका, हे मी लोकांना दहा वर्षं सांगत होतो. मग एका पावसाळी रात्री भूक लागली म्हणून उकळतं टोमॅटोचं सार जारमध्ये ओतलं आणि नॉब थेट तीनवर नेला. ढवळल्यावर वाफ एकदम वाढते आणि झाकण उडवते. छताचा तो डाग पुढच्या रंगकामापर्यंत तसाच होता आणि बायको येणाऱ्या-जाणाऱ्याला तो दाखवायची.

एअर फ्रायर आणि आमची ताई

भाऊबीजेला बहिणीकडे गेलो. ताईने नवा एअर फ्रायर घेतला होता, काळाभोर, चकचकीत, ओट्याची शान. ताटात त्यातल्याच चकल्या. चवीबद्दल बोललो नाही, ओवाळणीचा दिवस होता. तेवढ्यात तिने चहासाठी इलेक्ट्रिक किटली लावली आणि मला प्लॅस्टिक तापल्याचा वास आला. बघतो तर फ्रायर आणि किटली एकाच साध्या एक्स्टेन्शन बोर्डवर. बोर्डाची कड चॉकलेटसारखी मऊ झालेली, फ्रायरची पिन आत चिकटलेली.

हिशोब शाळेतला आहे. फ्रायर १,५०० वॅटचा, घरातली वीज २३० व्होल्टची. भागा: साडेसहा अँपिअर. किटलीही १,५०० वॅटची. दोन्ही मिळून १३. आणि तो बोर्ड ६ अँपिअरचा. म्हणजे एकटा फ्रायरसुद्धा त्याला जडच होता. २,००० वॅटची इंडक्शन शेगडी तर पावणेनऊ अँपिअर खाते. ही सगळी मंडळी भिंतीतल्या मोठ्या १६ अँपिअरच्या सॉकेटवरच हवीत, एका सॉकेटवर एकच. जाड पिना बारीक भोकांत बसाव्यात म्हणून जो कन्व्हर्टर मिळतो, तो विकायचा मी बंद केलाय. गिऱ्हाईक समोरच्या दुकानातून घेतं, घेऊ दे.

माझी एक सवय आहे. नवं यंत्र पंधरा मिनिटं चालवून बंद करायचं, प्लग काढायचा आणि त्याला हाताची मागची बाजू लावायची. कोमट असेल तर ठीक. चटका बसला तर सॉकेट सैल आहे किंवा वायर बारीक आहे. मग आधी इलेक्ट्रिशियन, नंतर कुरकुरीत पदार्थ.

आता एअर फ्रायरच्या नावाबद्दल. तो तळत नाही. आत एक तापणारी कॉइल आहे आणि पंखा. जोरात फिरणाऱ्या गरम हवेची ती छोटी भट्टी. तेलात वडा सोडला की बेसनाचं आवरण तत्क्षणी धरतं. हवा उष्णता इतक्या झपाट्याने देत नाही, म्हणून ओलं पीठ धरायच्या आधी जाळीतून खाली ओघळतं. "बटाटेवडे बिघडले, मशीन खराब आहे" म्हणून एकजण फ्रायर माझ्याकडे घेऊन आला होता. मशीन ठणठणीत, फक्त जाळीखाली बेसनाचं धिरडं. त्याऐवजी कोथिंबीर वडी करा. ती आधी उकडून घट्ट झालेली असते, वरून तेलाचा ब्रश फिरवला की १८० अंशांवर सुरेख होते. वड्या एकमेकींना खेटून भरू नका, हवेला वाट हवी. आणि रिकाम्या टोपलीत नुसता कागद घालून तापत ठेवू नका, पंख्याने तो उडून कॉइलला चिकटतो आणि पेटतो.

बाकीचं पटापट

नॉनस्टिक तवा रिकामा, मोठ्या आचेवर, आणि आपण फोनवर. साधारण २६० अंशांच्या पुढे त्याचा थर बिघडायला लागतो आणि रिकामा तवा तिथवर काही मिनिटांत पोचतो. त्याहून तापला तर निघणारी वाफ पाळलेल्या पोपटाचा जीव घेऊ शकते. मी आधी तेल घालतो, मग गॅस पेटवतो. तेल धुरावलं की तेच आपल्याला हाक मारतं. मोठी आच हवीच असेल तर बिडाचा तवा घ्या की! तो जपावा लागतो हे खरं: धुतल्यावर लगेच गॅसवर सुकवा, तेलाचं बोट फिरवा आणि त्यात चिंचेची आमटी करू नका, काळी पडते.

काचेचा चॉपिंग बोर्ड. दिसायला देखणा, सुरीचा वैरी. माझ्या मते तो फक्त चीज आणि द्राक्षं ठेवून फोटो काढायला ठीक आहे. लाकडाचा पाट घ्या, नाहीतर आजीची विळी आहेच.

वेफर्सच्या स्लायसरबरोबर बोटं वाचवायला एक धरणी येते. ती खोक्यातच राहते आणि अंगठा दवाखान्यात जातो. एवढंच सांगतो, माझ्या डाव्या अंगठ्याकडे बघून.

दोरीचा चॉपर: अख्खा कांदा कोंबून हिसडा मारला तर दोरी तुटणारच. कांद्याचे चार तुकडे करा, दोरी आडवी आणि सरळ ओढा. झाकण नळाखाली धरू नका, आतली स्प्रिंग गंजते. तुटलेल्या दोरीच्या जागी मी मासे पकडायचा तंगूस घालून देतो, मूळ दोरीपेक्षा जास्त टिकतो. ज्याला तीन ओढण्यांत चटणीसारखा बारीक कांदा हवा असतो, त्याला कांद्याचं पाणी मिळतं, त्याला माझ्याकडे इलाज नाही.

इंडक्शन घेतल्यावर भांडी घेऊन दुकानात येऊ नका, फ्रिजवरचं चुंबक भांड्याच्या बुडाला लावून बघा. घट्ट चिकटलं तर चालेल. नुसतं अ‍ॅल्युमिनिअम, तांबं, पितळ चालणार नाही, कितीही वेळा बटण दाबा.

डिजिटल वजनकाटा मेणकापडावर किंवा टॉवेलवर ठेवू नका, चुकीचं वजन दाखवतो. महिनोन्महिने वापरणार नसाल तर सेल काढून ठेवा.

इलेक्ट्रिक किटलीत दूध आणि मॅगी. नको. नको म्हणजे नको.

कुकरबद्दल मात्र चेष्टा करत नाही. एक गृहस्थ आले, "सेफ्टी व्हॉल्व्ह सारखा जातो, जरा मजबूत द्या." झाकण बघितलं तर जुना व्हॉल्व्ह वितळल्यावर त्या भोकात एम-सील भरलं होतं आणि तो कुकर घरात आठवडाभर चालला होता. कुकरमध्ये बाहेरच्या हवेपेक्षा साधारण १ किलो प्रतिचौरस सेंटिमीटर जास्त दाब असतो आणि पाणी १२० अंशांच्या आसपास उकळतं. पाणी आटलं किंवा शिट्टीची नळी डाळीने बुजली, तर शेवटचा आधार त्या सेफ्टी व्हॉल्व्हचाच. व्हॉल्व्ह सारखा जात असेल तर पाणी कमी पडतंय, शिट्टी तुंबलीय किंवा व्हॉल्व्ह नकली आहे. दर धुण्याला शिट्टीची नळी उजेडाकडे धरून आरपार बघा. त्यांचं झाकण मी परत दिलं नाही. ते रागावून गेले, पण नवं झाकण घेऊन गेले.

दुरुस्तीला आणताना

मिक्सर आणताना जार पण आणा. तिन्ही. निम्म्या तक्रारी जारच्या असतात आणि लोक नेमकं मोटरचं धूड तेवढं उचलून आणतात, मग मी विचारलं की परत रिक्षा. घरी आधी कोणी उघडला असेल तर सरळ सांगा, मी कुणाच्याही जावयाचं नाव घेत नाही. आणि जार धुऊन आणा हो. परवा एकाने आणलेल्या जारमध्ये लसणीची चटणी होती, तीन दिवसांची.