ठाण्यात बसून परदेशातली ट्रेडिंग कंपनी चालवताना: इकॉनॉमिक सबस्टन्सची तयारी

वागळे इस्टेटमधला कारखानदार किंवा महाप्यातली आयटी कंपनी परदेशात कंपनी काढते ती बहुधा दोन कामांसाठी: ग्रुपचा माल घेऊन पुढे विकायला, नाहीतर ग्रुपमधल्या कंपन्यांना सेवा देऊन बिल लावायला. इकॉनॉमिक सबस्टन्स म्हणजे कंपनीचं खरं काम, माणसं आणि निर्णय ती जिथे नोंदली आहे त्याच देशात असणं. त्याच्या कायद्यांत या दोन्ही कामांचा मिळून एकच वर्ग आहे, डिस्ट्रिब्युशन अँड सर्व्हिस सेंटर. यात पैसा जातो ऑफिसच्या भाड्यावर, आणि तपासणीत प्रश्न येतो निर्णयांवर. म्हणून तयारीत भर द्यायचा तो निर्णयांवर.

आधी आपण या वर्गात बसतो का ते ठरवा. ब्रिटिश व्हर्जिन आयलंड्स या कॅरिबियन बेटांवर (पुढे बीव्हीआय) हा कायदा १ जानेवारी २०१९ पासून लागू आहे. सुटे भाग, कच्चा माल किंवा तयार वस्तू बीव्हीआयबाहेरच्या ग्रुप कंपनीकडून घेऊन विकल्या, तरच ते डिस्ट्रिब्युशन. चीनमधल्या तिऱ्हाईत कारखान्याकडून घेतलेला माल थेट न्हावा शेव्याला उतरवला, तर ती खरेदी ग्रुपबाहेरची. या वर्गात येत नाही. म्हणून पहिलं काम साधं: खरेदीचं लेजर काढा आणि ग्रुपची व बाहेरची अशा दोन बेरजा करा. सेवांच्या बिलांचंही तसंच.

दुबईवाल्यांसाठी चित्र बदललंय. यूएईतले सबस्टन्स नियम २०१९ मध्ये आले आणि ३१ डिसेंबर २०२२ नंतर संपणाऱ्या आर्थिक वर्षांसाठी रद्द झाले. पण सुटलो म्हणायची घाई नको. आता तिथे ९ टक्के कॉर्पोरेट टॅक्स आहे, आणि फ्री झोनमधला (सवलतीच्या खास क्षेत्रातला) शून्य टक्के दर हवा असेल तर तिथे पुरेसं सबस्टन्स लागतंच. शिवाय ऑडिट केलेले हिशेब लागतात, आणि शून्य दरात न बसणारं उत्पन्न एकूण महसुलाच्या ५ टक्के किंवा ५० लाख दिरहम, यांपैकी जे कमी असेल त्याच्या आत ठेवावं लागतं. अट मोडली की त्या वर्षासह पुढच्या चार वर्षांचा शून्य दर जातो. २०१९ ते २०२२ च्या फाइल्सही रद्दीत घालू नका, त्या वर्षांना जुने सबस्टन्स नियम लागू होतेच.

आता मुख्य काम. डिस्ट्रिब्युशनसाठी सबस्टन्सचा कायदा जी कामं मोजतो ती अशी: मालाची वाहतूक आणि साठवण, स्टॉकचं नियोजन, ऑर्डर घेणं, सल्ला किंवा प्रशासकीय सेवा देणं. यातलं जे तुमची कंपनी खरोखर करते, ते त्या देशात झालं पाहिजे. बाहेरच्या एजन्सीकडून करून घेता येतं, पण एजन्सीने ते काम त्याच देशात केलं पाहिजे आणि तिच्यावर तुमचं नियंत्रण दिसलं पाहिजे. ऐरोलीच्या टीमने काम करायचं आणि बिल तिकडच्या कंपनीने लावायचं, हा प्रकार इथेच अडकतो. त्यात पुन्हा ट्रान्सफर प्राइसिंगचा, म्हणजे ग्रुपमधल्या व्यवहाराला लावलेला भाव बाजाराला धरून आहे का, हा प्रश्न उभा राहतो तो वेगळाच.

बोर्ड मीटिंगकडे सगळ्यात जास्त लक्ष द्या. कोरम (मीटिंगसाठी लागणारी किमान हजेरी) भरेल इतके संचालक त्या देशात प्रत्यक्ष हजर हवेत, मिनिट्सवर (मीटिंगच्या इतिवृत्तावर) त्यांच्या सह्या हव्यात आणि मिनिट्स तिथेच ठेवलेली हवीत. ‘विषय मंजूर’ एवढंच लिहिलेली मिनिट्स फारशी कामाची नाहीत. अमुक ग्राहकाची उधारी ६० वरून ९० दिवस का केली, बोर्डापुढे कोणते आकडे ठेवले, कोणी हरकत घेतली, हे लिहा. तारीख पासपोर्टवरच्या शिक्क्याशी जुळते का तेही बघा. घोळ बहुतेक ईमेलमध्ये सापडतो: मीटिंगच्या दोन दिवस आधी प्रवर्तकाने ठाण्याहून ‘ओके, पुढे जा’ असं लिहिलेलं असतं आणि हेडरमध्ये +०५३०, म्हणजे भारतीय वेळ, उभं असतं. बँकेचा ओटीपी ज्या मोबाइलवर येतो तो घोडबंदर रोडच्या घरात असेल, तर पेमेंटवर ताबा कोणाचा हे सांगायची गरजच उरत नाही.

हाच पुरावा आपल्या आयकर खात्यालाही उपयोगी पडतो. कंपनीचं प्रत्यक्ष व्यवस्थापन भारतातून होतं असं ठरलं, तर ती करासाठी भारतात निवासी धरली जाते. या कसोटीला सीए मंडळी ‘पोएम’ (प्लेस ऑफ इफेक्टिव्ह मॅनेजमेंट) म्हणतात. २०१७ च्या परिपत्रकांप्रमाणे वर्षाची उलाढाल ५० कोटी रुपये किंवा कमी असेल तर ही कसोटी लावत नाहीत. त्यावर गेलात तर चार आकडे काढा. पॅसिव्ह उत्पन्न (व्याज, लाभांश, भाडं वगैरे) एकूण उत्पन्नाच्या ५० टक्क्यांपेक्षा जास्त नको. भारतातली मालमत्ता, भारतातले कर्मचारी आणि त्यांच्या पगाराचा खर्च, हे तिन्ही कंपनीच्या एकूण आकड्याच्या निम्म्यापेक्षा कमी हवेत. चारही जमले आणि बोर्डाच्या बहुतेक मीटिंगा भारताबाहेर झाल्या, तर व्यवस्थापन बाहेर असल्याचं गृहीत धरतात, फक्त बोर्ड नावापुरतं नको.

दोन खाचखळगे इथे आहेत. पगारावर नसूनही कर्मचाऱ्यांसारखंच काम करणारी माणसं मोजली जातात, म्हणजे ठाण्यात बसून दुबईच्या कंपनीची बिलं काढणारी माणसंही. आणि ज्या मालाची खरेदी व विक्री दोन्ही ग्रुपमध्येच होते, त्याचं उत्पन्न पॅसिव्ह धरतात. निव्वळ ग्रुपअंतर्गत माल फिरवणारी कंपनी त्यामुळे पहिल्याच आकड्याला पडते. विक्री बाहेरच्या ग्राहकाला असेल तर ते उत्पन्न यात येत नाही.

बीव्हीआयचं सबस्टन्स डिक्लेरेशन आर्थिक कालावधी संपल्यापासून सहा महिन्यांत रजिस्टर्ड एजंटमार्फत (कंपनीच्या तिथल्या अधिकृत प्रतिनिधीमार्फत) जातं. सबस्टन्सच्या कसोटीत पहिल्यांदा नापास झाल्यास दंड ५,००० ते २०,००० डॉलर, दुसऱ्यांदा २ लाख डॉलरपर्यंत. फॉर्ममध्ये ‘कंपनी दुसऱ्या देशात कर-निवासी आहे’ असा सोपा दिसणारा पर्याय असतो. तिथे भारत लिहिण्याआधी सीएशी बोला. त्याला पुरावा जोडावा लागतो, माहिती त्या देशाच्या कर खात्याकडे जाऊ शकते, आणि तुमची कंपनी भारतातूनच चालते हे तुम्ही स्वतः लिहून दिलेलं असतं.