सैल अंगठी घरच्या घरी नीट बसवताना

आईची अंगठी माझ्याकडे आली तेव्हा ती माझ्या अनामिकेत दोन नंबरांनी सैल होती, आणि पहिल्याच आठवड्यात कणीक मळताना ती बोटातून निघून परातीत राहिली. सोनाराकडे देऊन ती कापून घेण्यास मन तयार होत नव्हते, म्हणून मी घरगुती उपायांकडे वळले. अशा अंगठीवर असाच उपाय करावा जो पुढे काढून टाकता येईल आणि ज्याची खूण धातूवर राहणार नाही, असे माझे ठाम मत आहे.

उपाय निवडण्यापूर्वी सैलपणा किती आहे हे पाहणे आवश्यक आहे. थंडीत आणि सकाळी बोटे बारीक असतात, तर उकाड्यात आणि दिवसभराच्या कामानंतर ती थोडी फुगतात. त्यामुळे माप शक्यतो संध्याकाळी, हात नेहमीसारखे उबदार असताना घ्यावे. दोरा ताणला जातो, म्हणून कागदाची अरुंद पट्टी बोटाभोवती गुंडाळून जुळलेल्या जागी खूण करावी आणि ती लांबी मोजपट्टीने मोजावी. आपल्याकडील नंबरांत एका नंबरचा फरक म्हणजे परिघात साधारण 1 मिलिमीटरचा फरक असतो. सांध्यावरून किंचित अडत उतरणारी, परंतु मुळाशी न आवळणारी अंगठी योग्य मापाची समजावी. ज्यांचा सांधा जाड आणि बोटाचे मूळ बारीक असते, त्यांची अंगठी गळून पडत नाही, पण सारखी फिरते व खडा तळव्याकडे जातो. तेथे अंगठीला आतून दिलेली थोडीशी भरही पुरते.

भर नेहमी अंगठीच्या खालच्या, म्हणजे तळव्याकडील अर्ध्या भागातच द्यावी. त्यामुळे ती दिसत नाही, खड्याच्या कोंदणाला धक्का लागत नाही, आणि ज्यांनी पोवळे किंवा मोती त्वचेला लागावा म्हणून धारण केला आहे त्यांचीही अडचण होत नाही.

सर्वांत विश्वासार्ह उपाय दोरा गुंडाळण्याचा आहे. सुती दोरा मऊ असतो, पण तो पाणी, साबण आणि पीठ धरून ठेवतो, व ओला राहिल्यास त्वचेला खाज सुटते. तो वापरायचाच असेल तर दर चार-पाच दिवसांनी बदलावा. मी त्याऐवजी मणी ओवण्याचा बारीक तंगूस (नायलॉनचा दोरा) वापरते. अंगठी कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुऊन पूर्ण कोरडी करावी. पुरेसा लांब तंगूस घेऊन त्याचे एक टोक अंगठीच्या पट्टीच्या, म्हणजे गोल कडीच्या, आतील बाजूला आडवे धरावे आणि त्यावरूनच वेढ्याला वेढा लागेल असे घट्ट गुंडाळत जावे. शेवटचे टोक सुईने वेढ्यांखालून ओढून घ्यावे आणि कापावे; गाठ मारायची असल्यास ती बाहेरच्या कडेला यावी, बोटाला टोचू नये. 0.3 मिलिमीटर जाडीच्या तंगुसाचा एक थर अर्ध्या भागात दिल्यास परिघ सुमारे 1 मिलिमीटरने, म्हणजे एका नंबराने कमी होतो. माझ्या अंगठीला दोन थर लागले.

फरक फारच थोडा असेल तर आतील बाजूस पारदर्शक नेलपॉलिशचे तीन-चार पातळ थर देता येतात, मात्र प्रत्येक थर पूर्ण वाळल्याशिवाय पुढचा देऊ नये. हा लेप काही दिवसांत घासून निघतो. त्याच्या वासाने किंवा स्पर्शाने ज्यांना त्रास होतो त्यांनी तो टाळावा, आणि मोती, पोवळे किंवा ओपल असलेल्या अंगठीवर तर तो लावूच नये, कारण काढण्यासाठी वापरले जाणारे रिमूव्हर या रत्नांची चकाकी घालवू शकते. पट्टीवर गुंडाळायची पारदर्शक सिलिकॉनची स्प्रिंग स्वस्तात मिळते आणि कात्रीने हवी तेवढी कापता येते. घाई असणाऱ्यांसाठी ती सोयीची आहे. सैल अंगठीच्या पुढे मापाचे साधे वळे घालून तिला रोखून धरणे हाही जुना आणि निर्धोक मार्ग आहे.

पक्कडीने अंगठी दाबू नये, कारण त्याने तिचा आकार बिघडतो, खडे सैल होतात आणि डाग देऊन (सोल्डर करून) जोडलेल्या जागी ती तुटू शकते. केवळ मागे उघड्या असलेल्या अंगठ्या हाताने हलकेच जुळवाव्यात. तात्काळ चिकटणारा गोंद आणि न्हाणीघरातील फटी भरण्याचे सिलिकॉन अंगठीवर वापरू नये. जुन्या पोकळ दागिन्यांत लाख भरलेली असते, ती उष्णतेने वितळते, म्हणून अशा अंगठीला गरम गोंदही लावू नये.

फरक तीन नंबरांहून अधिक असेल, किंवा रोजच्या वापरातील अंगठीचा खडा हलत असेल, तर सोनाराकडेच जावे आणि हॉलमार्कचा शिक्का असलेल्या जागी पट्टी कापू नये असे त्यास आधी सांगावे. त्यानंतरही पोहायला जाताना, भांडी घासताना आणि कणीक मळताना अंगठी काढून एका ठरलेल्या डबीतच ठेवावी.