तैनाती फौजेचा तह कसा वाचायचा

तैनाती फौज म्हणजे राजाने आपल्या मुलखात इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीची फौज ठेवायची आणि तिचा खर्च द्यायचा. शाळेत आपण या तहांची यादी १७९८ निजाम, १८०१ अवध, १८०२ पेशवे अशी पाठ करतो आणि परीक्षा झाली की विसरतो, कारण राज्य नेमकं गेलं कसं हे सनावळीत दिसतच नाही. ते दिसतं तहाच्या कलमांमध्ये. म्हणून एकच तह घ्या आणि हळू वाचा. मी म्हणेन वसईचाच घ्या.

आधी तारीख आणि जागा बघा. ३१ डिसेंबर १८०२, वसई. पेशव्यांचा तह पुण्यात का नाही झाला? कारण २५ ऑक्टोबरला यशवंतराव होळकरांनी हडपसरजवळ पेशवे आणि शिंदे दोघांच्या फौजेला हरवलं होतं आणि पेशवा दुसरा बाजीराव पुणं सोडून इंग्रजांच्या आसऱ्याला आला होता. म्हणजे सही करणाऱ्याच्या हातात त्या दिवशी स्वतःची राजधानी पण नव्हती. कुठलाही तह वाचताना हे पहिलं बघायचं, सही करताना राजा कुठे आणि कोणत्या अडचणीत होता.

मग पैशाचं कलम शोधा, इथे मात्र घाई करू नका. वसईत ठरलं की किमान ६ हजार पायदळ आणि तोफखाना कायमचा पेशव्यांच्या मुलखात राहणार, आणि खर्चासाठी २६ लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख कंपनीला द्यायचा. पेन्सिलने "मुलूख" शब्दाखाली रेघ मारा. रोख द्यायचे असते तर एखाद्या वर्षी उशीर झाला असता, घासाघीस झाली असती, पण मुलूख दिला की वसूल कायमचाच गेला, आणि त्या पैशावर पोसलेली फौज हुकूम ऐकणार कंपनीचा. निजामाने १८०० मध्ये टिपूकडून मिळालेला बल्लारी, कडप्पाचा भाग असाच दिला, अवधच्या नवाबाचं तर १८०१ ला जवळपास अर्धं राज्य गेलं. आणि थकबाकी राहिली तर काय होतं ते आपल्या वऱ्हाडात दिसतं, हैदराबाद कंटिन्जंटच्या, म्हणजे निजामाच्या खर्चाने पोसलेल्या पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या फौजेच्या, थकलेल्या खर्चापोटी १८५३ ला वऱ्हाड कंपनीच्या ताब्यात गेलं.

त्यानंतर पत्रव्यवहाराचं कलम. कंपनीला विचारल्याशिवाय दुसऱ्या सत्तेशी बोलणी नाहीत, निजाम आणि गायकवाडांशी वाद झाला तर निवाडा कंपनी करणार. वाचायला साधं वाटतं, पण पेशवे म्हणजे सगळ्या सरदारांना बांधून ठेवणारी गाठ होती, ती इथे सुटली. शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांना ते लगेच कळलं, म्हणून तर १८०३ चं युद्ध झालं, असई आणि अडगाव. साताऱ्याचं बघा, १८१९ च्या तहात बाहेर परस्पर पत्रव्यवहार करायचा नाही अशी अट होती आणि १८३९ ला गुप्त पत्रव्यवहाराचा आरोप ठेवूनच प्रतापसिंह महाराजांना गादीवरून काढलं, शेवटी काशीत वारले ते. मला हे वाचताना दरवेळी वाईट वाटतं.

शेवटी वारसाचा शब्द शोधा. साताऱ्याच्या त्याच तहात राज्य महाराज आणि त्यांच्या वारसांना दिलंय, मग १८४८ ला प्रतापसिंहांनंतर गादीवर बसलेले त्यांचे भाऊ शहाजी महाराज गेल्यावर भांडण एकाच शब्दावर आलं, दत्तक मुलगा वारस धरायचा की नाही. गव्हर्नर जनरल डलहौसीने नाही म्हटलं, राज्य खालसा. १८५४ ला नागपूर आणि झाशीलाही तेच.

एवढं जमलं की जून १८१७ चा पुण्याचा तह घ्या आणि वसईच्या शेजारी ठेवून कलमं जुळवा. वसईत पेशव्यांना कंपनीला "विचारायचं" होतं, १८१७ मध्ये मराठ्यांचं प्रमुखपदच सोडायला लावलंय. मग ५ नोव्हेंबरची खडकीची लढाई वाचा, बाजीराव तेव्हा इंग्रजांवर का उठला ते या दोन कागदांमध्येच सापडेल.