संत्र्याच्या बागेतून न्यूझीलंडच्या द्राक्षात कामाला जायचं असंन तं

आपल्या वरुड-मोर्शीकडचे दोन-चार पोरं न्यूझीलंडमधल्या मार्लबरोला वाईनच्या द्राक्षबागेत सिझनच्या कामाला चाललेत, मी एक सिझन करून आलो म्हणून रोज फोन येतात, तं एकदाच लिहून टाकतो.

पहिले कॅलेंडर उलटं करा. आपण मृगात पेरणीच्या मागं असतो तवा तिथं कडक हिवाळा असते अन् छाटणी जून ते ऑगस्ट चालते. नाशकात द्राक्षाले खरड (काडी तयार कराले) अन् गोडी (फळ धराले) अशा दोन छाटण्या, तिथं एकच. आपण पाणी तोडून संत्र्याले ताण देतो, तिथं थंडीच वेल झोपवते अन् वसंतात डोळे फुटतात.

सोव्हिनिऑन ब्लांक या पांढऱ्या वाईनच्या द्राक्षाच्या काडीच्या बुडातले डोळे थंड हवेत घड कमी देतात, म्हणून आखूड खुंटावर भागत नाही. गेल्या उन्हाळ्यातल्या पेन्सिलीएवढ्या जाड तीन-चार काड्या निवडा, एकेकीवर १०-१२ डोळे मोजा अन् तारेवर आडव्या बांधा. वाकवताना हळूहळू पिळत न्या, झटका दिला का मोडलीच. जुनी काडी ओढताना सुटून सपकन तोंडावर येते, चष्मा घाला लागते म्हणजे लागतेच.

सप्टेंबर-ऑक्टोबरात कोवळ्या फुटीवर दहिवर गोठते. थंड हवा जड, ती खोलगट जागी साचते, म्हणून मोठाले पंखे अन् कधी हेलिकॉप्टर फिरवून वरची गरम हवा खाली आणतात. आपल्याकडं गारपिटीपुढं आपण हात जोडून उभे राहतो, तिथं रात्रभर जागून पीक वाचवता येते, हे पाहून मले लय नवल वाटलं.

अन् सगळ्यात मोठा फरक, आपण फळ उन्हापासून झाकतो, तिथं घडाजवळचे पानं काढून ऊन अन् वारा आत सोडतात, नाई तं समुद्राच्या ओलाव्यानं बुरशी धरते. पण सकाळच्या उन्हाच्या बाजूचेच काढा, दुपारचं ऊन तिथंही चटका देते. सूर्य उत्तरेकडून जाते हे विसरू नका.

तोडणी मार्च-एप्रिलात. एक मणी चावून बी पाहा, हिरवी अन् कडू म्हणजे थांबा, तपकिरी अन् कुरकुरीत म्हणजे आलं. स्पार्कलिंगसाठी, म्हणजे बुडबुड्याच्या वाईनसाठी, मात्र १८-१९ ब्रिक्सलाच (ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचं माप) तोडतात, आंबटपणा हवा असते ना. दिवसा ऊन, रात्री गार, म्हणून गोडी चढते तरी आंबटपणा टिकते, तिथल्या वाईनची सगळी जान त्यातच हाय.

पुढचं वायनरीत. सोव्हिनिऑन स्टीलच्या टाकीत थंड आंबवतात, वास उडू नये म्हणून. पिनो न्वार (लाल वाईनचं काळं द्राक्ष) सालीसकट, मंग लाकडी पिंपात. शार्डोनेत (हेही पांढऱ्या वाईनचं द्राक्ष) बरेचदा कच्च्या सफरचंदासारखा आंबटपणा जिवाणूंकडून दह्यासारखा मऊ करून घेतात. चव घ्याची असंन तं याच क्रमानं नका घेऊ, आधी स्पार्कलिंग, मंग सोव्हिनिऑन, मंग शार्डोने अन् पिनो शेवटी.